क्रूस, राष्ट्रध्वजांवरील

ख्रिस्ती धर्माचे प्रमुख चिन्ह असलेला क्रूस मध्ययुगीन यूरोपात योद्ध्यांच्या अंगरख्यांवर व सैन्याच्या निशाणांवर रूढ झाला. आणि राजाचे निशाण तेच राज्याचे, व राज्याचे तेच राष्ट्राचे, अशा क्रमाने तो आजच्या राष्ट्रध्वजांवर येऊन पोहोचला. ११८८ साली तिसऱ्या धर्मयुद्धाच्या सिद्धतेत पथकांची ओळख पटावी म्हणून फ्रेंचांनी तांबडा, इंग्रजांनी पांढरा व फ्लेमिशांनी हिरवा क्रूस धारण करावा असे ठरले होते. पुढे इंग्लंडची खूण होऊन बसलेला तांबडा क्रूस या वाटणीत फ्रेंचांकडे होता, हे ध्यानात घेतले म्हणजे रंग आणि राष्ट्र यांची जोडी अनादी मानण्याचा मोह आवरतो.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी नमुना डेन्मार्कचा ‘दानेब्रोग’ होय. १२१९ मध्ये राजा दुसरा वाल्देमार एस्टोनियातील लिंदानिस येथे लढत असता तांबड्या भूमीवर पांढरा क्रूस असलेला हा ध्वज आकाशातून खाली आला, अशी आख्यायिका आहे. परंतु ती लिहिली गेली सोळाव्या शतकात, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, आणि ध्वजाचे उपलब्ध चित्र चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे जात नाही. क्रुसाचा उभा पट्टा मध्यापासून काठीकडे सरकलेला असतो. व्यापारी गलबतांसाठी निघालेल्या १७४८ च्या हुकुमाने काठीकडील दोन खण चौरस व बाहेरचे दोन त्यांच्या दीडपट लांब असावेत असे प्रमाण बांधून दिले, आणि दर्यावरील या वहिवाटीतूनच उत्तर यूरोपाची समाईक ध्वजरचना आकारास आली.

स्वीडनचा निळ्यावरील पिवळा क्रूस जुनाच असला तरी त्याचा वर्तमान कायदा १९८२ चा आहे. नॉर्वेने १८२१ मध्ये फ्रेद्रिक मेल्त्सर यांची योजना स्वीकारून डॅनिश ध्वजाच्या पांढऱ्या क्रुसात निळा क्रूस बसविला. मात्र उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांशी तह होता तो स्वीडनचा, सबब फिनिस्तेर भूशिराच्या दक्षिणेस नॉर्वेच्या गलबतांना १८३८ पर्यंत आपले नवे निशाण मिरविता आले नाही. फिनलंडने १९१८ मध्ये हीच रचना पत्करली, व आइसलँडने प्रजासत्ताक होताना १९४४ मध्ये ती कायद्याने निश्चित केली. या देशांत तो क्रूस आज धर्मश्रद्धेपेक्षा शेजारधर्माचीच अधिक ग्वाही देतो, असे म्हणणे वावगे होणार नाही. आणि ग्रीनलंडने १९८५ मध्ये क्रुसाचा प्रस्ताव १४ विरुद्ध ११ मतांनी बाजूस सारून तांबड्या-पांढऱ्या वर्तुळाचा ध्वज घेतला, तेव्हा आपण त्या गोतावळ्याहून वेगळे आहोत हेच त्या निवडीतून सूचित झाले.

ब्रिटनच्या ध्वजात तीन क्रूस आहेत: १६०६ मध्ये इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा व स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस एकत्र आले, व १८०१ मध्ये आयर्लंडच्या नावे सेंट पॅट्रिकचा तांबडा तिरपा क्रूस त्यांत मिळविण्यात आला. वेल्सला मात्र त्यात स्थान मिळाले नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी व तुवालू यांच्या ध्वजांच्या कोपऱ्यात हेच तीन क्रूस ब्रिटिश अंमलाचा अवशेष म्हणून टिकून आहेत. स्वित्झर्लंडच्या चौरस ध्वजावरील पांढऱ्या क्रुसाच्या भुजा कडांना भिडत नाहीत. त्याच ध्वजाचे रंग उलटवून रेड क्रॉस संस्थेचे चिन्ह सिद्ध झाले. ग्रीसच्या ध्वजाच्या कोपऱ्यात निळ्या भूमीवर पांढरा क्रूस आहे, आणि जॉर्जियाने २००४ मध्ये पाच क्रुसांचे मध्ययुगीन निशाण पुनरुज्जीवित केले. पॅसिफिकमधील टोंगाच्या १८७५ च्या राज्यघटनेने तर आपला क्रूसधारी ध्वज कधीही बदलता येणार नाही, असे कलमच घालून ठेवले.

भारताच्या राष्ट्रध्वजाशी या चिन्हाचा संबंध नाही. नौदलाच्या ध्वजाशी मात्र होता. १९५० मध्ये त्यातील युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, पण सेंट जॉर्जचा क्रूस कायम राहिला. २००१ मध्ये तो काढण्यात आला. त्याऐवजी आलेले निळे चिन्ह समुद्र व आकाश यांच्या पार्श्वभूमीवर नीट दिसेना, म्हणून २००४ मध्ये तो परत आणावा लागला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे विमानवाहू नौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना त्याच्या जागी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी आकृती स्वीकारण्यात आली.