शंभर पौंडांचा खडा

या वीकेंडला एका खड्याची आणि त्यावरून झालेल्या खटल्याची गोष्ट.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना विषप्रयोगाची जाम भीती. त्यावर उतारा म्हणून ते बेझोर बाळगायचे. बेझोर म्हणजे बकऱ्या वगैरे जनावरांच्या पोटात तयार होणारा खडा. (मूळ फारसी शब्द पादझहर. त्यातलं जहर आपल्या ओळखीचंच.) इंग्लंडमधल्या चँडेलोर नावाच्या सोनाराने असा एक खडा 'बेझोर आहे' असं सांगून लोपसला शंभर पौंडांना विकला. निघाला भलताच दगड. लोपस कोर्टात गेला, आधी जिंकलाही, पण १६०३ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. का, तर सोनार 'बेझोर आहे' एवढंच म्हणाला होता, 'तशी हमी देतो' असं म्हणाला नव्हता! एका न्यायाधीशांना हे पटलं नाही, पण एकट्याचं कोण ऐकतो.

गंमत म्हणजे रोमच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दीड हजारांवर वर्षं आधीच नियम केला होता. गुलाम किंवा जनावर विकताना दोष सांगा. लपवलेला दोष निघाला तर गिऱ्हाइकाने सहा महिन्यांत परत करावं, नाहीतर वर्षाच्या आत किंमत कमी करून घ्यावी. (माणसाला 'परत करायचा माल' म्हणताना बोटं अडखळतात, पण तेव्हाचा कायदा तसाच होता.)

इंग्लंडमध्ये गाडी हलली ती व्यापारामुळे. खडा हातात घेऊन बघता येतो, पण परदेशाहून येणारी पोती आधी कशी उघडून बघणार? १८१५ च्या एका खटल्यात टाकाऊ रेशमाची बारा पोती त्या नावाने विकण्याच्याही लायकीची नव्हती. लॉर्ड एलनबरो यांचं म्हणणं असं, की उकिरड्यावर टाकायला कोणी माल विकत घेत नाही. न बोललेली हमीही हमीच, हा विचार अशा खटल्यांतून रुजला. १८९३ मध्ये इंग्लंडात त्याचा कायदा झाला आणि त्याच धर्तीवर १९३० मध्ये आपला मालविक्री कायदा आला.

आपल्या कायद्याचं कलम १६ अजूनही 'गृहीत हमी नसते' या पालुपदानेच सुरू होतं. खरा जीव पुढच्या अपवादांत आहे. शिवाय कलम १५ आहेच: वर्णन केलं तसाच माल हवा. देवगड हापूस म्हणून घेतलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला तर पेटी नाकारता येते. पण एकदा माल स्वीकारलात, की साधारणपणे कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून घेणं किंवा भरपाई मागणं एवढंच हातात उरतं. तेव्हा चार आंबे खाऊन पेटी परत न्यायची नाही :-) ग्राहक म्हणून घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं.

आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या लायसन्समध्ये 'आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही' हे मोठ्या अक्षरांत ओरडून का लिहिलेलं असतं? कारण अमेरिकन कायद्यात गृहीत हमी लेखी नाकारायची तर ठळकपणे नाकारावी लागते. लोपसच्या वेळी गप्प बसून भागत होतं.

राहता राहिला बेझोर. १५६० च्या दशकात फ्रान्सच्या राजाकडे असाच एक खडा आला. सर्जन आंब्रवाझ पारेने देहान्ताची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला, त्याच्या संमतीने, विष देऊन वर तो खडा द्यायला लावला. बिचारा काही तासांत तडफडून मेला. राजाने खडा आगीत टाकायला सांगितला.