पूल नेमका कुठून पडतो?

आजचा भाग प्रवासात ऐकत असाल आणि वाटेत एखादा पूल लागला, तर फारच छान.

लहानपणी मुंबईहून गावी जाताना एसटी महाडजवळ सावित्री नदीवर आली की आई मला झोपेतून उठवायची आणि हातात रुपया ठेवायची. खिडकीतून नाणं नदीत टाकायचं, हात जोडायचे, परत झोपायचं. नदीला नमस्कार व्हायचा. पण आपण ज्याच्यावर उभे आहोत त्या पुलाकडे मी कधी बघितलंच नाही.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पूल पुरात वाहून गेला. 1928 चा, ब्रिटिशांच्या काळातला, दगडी कमानींचा पूल. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्यानंतर मी पुलांबद्दल वाचायला लागले. एकच प्रश्न होता: पूल उभा कसा राहतो आणि पडतो कुठून?

एक छोटा प्रयोग करा. दोन पुस्तकांवर प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टी वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाब आणि ताण, बस्स. पुलांचे सगळे प्रकार या दोघांना सांभाळण्यासाठीच निघाले. ओढ्यावर टाकलेला ओंडका हा सगळ्यात जुना प्रकार, म्हणजे तुळईचा पूल. आपल्या फ्लायओव्हरचे गर्डर त्याच घराण्यातले.

पण दगडाची तुळई फार लांब करता येत नाही. दगड दाब भरपूर सोसतो, ताण आला की मात्र तडकतो. यावर उपाय म्हणजे कमान. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो आणि सगळा भार दोन्ही टोकांना जमिनीत उतरतो. रोमन लोकांनी अशा कमानी बांधल्या, त्यातल्या काही आजही उभ्या आहेत. चीनमध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीला ली चुन याने झाओझोऊचा पूल बांधला. त्याने मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानी मोकळ्या ठेवल्या. वजन कमी झालं आणि पुराच्या पाण्याला वाटही मिळाली. चौदाशे वर्षांपूर्वी हा माणूस पुराचा विचार करत होता!

मग आलं लोखंड. 1779 साली इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाची कमान उभी राहिली. 1795 च्या महापुरात त्या नदीवरच्या बऱ्याच पुलांचं नुकसान झालं, पण हा पूल टिकला. कमान मोकळी होती, पाणी आरपार गेलं.

पुढे पोलाद आलं आणि खेळच बदलला, कारण पोलाद ताणही सोसतं. 1883 चा न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल जाड केबलांना टांगलेला आहे, हा झुलता पूल. कोलकात्याचा 1943 चा हावडा पूल कँटिलिव्हर प्रकारातला. घराची गॅलरी जशी भिंतीतून बाहेर येते, तसे दोन्ही काठांकडून दोन हात पुढे आलेत. आणि 2009 मध्ये सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सी लिंकवर खांबापासून थेट रस्त्यापर्यंत तिरप्या केबल ताणलेल्या दिसतात. तो केबल-स्टेड पूल.

आता दुसरा प्रश्न. प्रत्येक प्रकाराची दुखरी जागा वेगळी असते. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल 1940 मध्ये उघडल्यावर चार महिन्यांतच वाऱ्याने पिळवटून पडला. गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल 30 ऑक्टोबर 2022 ला तुटला, 135 माणसं गेली. तपास पथकाला आढळलं, की मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 गंजलेल्या होत्या. दुरुस्ती करून तो काही दिवसांपूर्वीच पुन्हा सुरू केला होता.

नदीतल्या खांबांवर उभ्या असलेल्या पुलाची दुखरी जागा तर पाण्याखाली असते. समुद्रकिनारी लाटेत उभे राहिलात की परत जाणारं पाणी टाचेखालची वाळू ओढून नेतं ना? पुरात खांबाच्या पायाशी तेच होतं. इंजिनिअर त्याला स्कॉर म्हणतात. वरचे दगड ठणठणीत असतात, रस्ताही गुळगुळीत असतो. पण एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो.

सावित्रीचा पूल त्याच वर्षी मे महिन्यात तपासला होता आणि वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारने नंतर सांगितलं. मेनंतर तीन महिनेही झाले नव्हते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. तपासणी झाली, एवढं ऐकून आपण निर्धास्त होतो. पण काय तपासलं, पाया पाहिला का, पाण्याखाली कोणी उतरलं का, हे विचारायला आपण विसरतो.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या गावच्या पुलाखाली उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, एकदा जाऊन या. खांबाच्या बुडाशी माती खचली आहे का? दगडांच्या सांध्यांत पिंपळ उगवला आहे का? काँक्रीटमधून गंजकी सळई डोकावते आहे का? फोनवर फोटो काढा आणि तो पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्या ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर परत कळवा.

सावित्रीवर 2017 च्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. आई अजूनही तिथे नाणं टाकते. मी आता खिडकीतून मान बाहेर काढून आधी खांब बघते.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!