सेकंदाला पन्नास

तुम्ही उतरता ते थेट नागपूरच्या बर्डीत. साल १९९८, मे महिना, दुपारचे अडीच. व्हरायटी चौकातून मेन रोडला वळलात की ऊन डोक्यावरून उतरत नाही, चपलेखालून चढतं. डांबर मऊ झालंय. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, सायकलवाल्यांच्या तोंडाला दुपट्टे. पानठेल्यावर पोखरणच्या स्फोटांची चर्चा चाललीय आणि जो तो अणुशास्त्रज्ञ झालाय. तुम्हाला तिथं थांबायचं नाही.

येताना खिशात तीन बटणं आणलीत. पहिलं दाबलं की वेळ थबकते आणि मग एकेका चित्रानं पुढं सरकते. दुसऱ्यानं आत्ताचा क्षण जसाच्या तसा जपला जातो. तिसरं दाबलं की जपलेल्या क्षणाशी परत. संगणकावर जुने व्हिडिओ गेम बिनचूक आणि कमीत कमी वेळात संपवून दाखवणारे लोक, म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन करणारे, हीच अवजारं वापरतात. त्यांच्या वेगाची चर्चा फार होते. खरं काम असतं ते थांबण्याचं.

गल्लीत एक पडदा दिसतो, मळकट हिरवा. आतून कूलरचा घरघराट आणि ओल्या वाळ्याचा वास. पडदा बाजूला करताच आतली पोरं एकदम गप्प होतात. दोघं तर व्हिडिओ गेमच्या मशीनमागं सरकतात.

“कोणाले पाहून राहिले काका?” गल्ल्यावरचा भाऊ विचारतो.

तुमचं वय, तुमचा इस्त्रीचा शर्ट. या खोलीत असा माणूस एकाच कामासाठी येतो: पोराचा कान धरून त्याला घरी न्यायला. तुम्ही मान हलवता, एका रुपयाचं कॉइन मागता, आणि खोली पुन्हा श्वास घेते.

कोपऱ्यात गर्दी आहे ती मुस्तफाभोवती. कॅपकॉमनं १९९३ साली काढलेल्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, मूळ अमेरिकन कॉमिक मार्क शुल्ट्झचं. ते इथं कुणाला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पिवळ्या टोपीचा, सगळ्यांत चपळ गडी मुस्तफा. म्हणून खेळही मुस्तफा. खेळणारा पोरगा तेरा-चौदाचा. डाव्या हाताची दांडी तो चिमटीत धरतो, मुठीत नाही. मागचे त्याला सल्ले देतात, तो ऐकत नाही. एकाच कॉइनवर तो कुठवर गेलाय यावर पैजा लागल्यात. शेवटी मरतो, तेव्हा पडद्यावर नाव टाकायची जागा येते आणि तो फार विचार न करता आपली अक्षरं घालतो.

रात्री भाऊ मेन स्विच पाडणार. सकाळी मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा त्या यादीत कारखान्यातूनच भरून आलेली नावं असतील. पोराला हे माहीत आहे. तरी तो अक्षरं नीट बघून घालतो. अमेरिकेत वॉल्टर डे नावाच्या माणसानं आयोवा राज्यातल्या ऑटम्वा गावी ‘ट्विन गॅलेक्सीज’ काढून १९८२ पासून असल्या गुणांची जगभरची वही ठेवायला घेतली होती. बर्डीतली वही म्हणजे मागं उभी असलेली सहा पोरं. सहाही जण उद्या शपथेवर सांगतील, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल.

त्याच्या सायकलमागं जा. कॉटन मार्केटकडून, गांधीसागरच्या काठानं, महालात. वाड्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. शेजारच्या अंगणात लग्नाचा मांडव पडलाय, वाढप्यांची आरडाओरड भिंतीपलीकडून ऐकू येते. आई झोपलीय. टीव्हीचा आवाज आधीच बंद.

टीव्हीला जोडलेलं खोकं निन्टेन्डोचं नाही, निन्टेन्डोची नक्कल आहे. वर पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेल्या खेळांचा आकडा सहा शून्यांचा आणि आत खेळ मोजके. पोरगा कॅसेट काढतो, तळाशी फुंकर मारतो, बसवतो. अडॅप्टरला हात लावून बघतो, तापलाय का. रिमोट मात्र त्याच्या हातात नाही. तो ताईच्या हातात आहे.

ताई बारावी झालीय, निकालाची वाट पाहून राहिली आहे, आणि वाड्यातला मारिओचा रेकॉर्ड तिच्या नावावर आहे. पोरगा मोठ्या काट्याचं घड्याळ मांडीवर घेऊन बसतो. “सोड,” ती म्हणते, आणि तो सेकंदकाटा बघायला लागतो.

पहिल्या स्टेजमध्ये ती एकदाही थांबत नाही. दुसऱ्यात छताच्या विटा फोडून वरून धावते, त्यामुळं थेट चौथ्या दुनियेचा पाइप मिळतो. चौथीतल्या दुसऱ्या स्टेजला हवेत डोकं आपटून ती न दिसणारे ठोकळे बाहेर काढते, त्यांवर चढून वेल उगवते, वेलीवरून आठवी दुनिया. हे तिला कुणी शिकवलं? इतवारीतल्या एका मैत्रिणीच्या भावानं, आणि त्याला आणखी कुणी. नागपुरात ही विद्या कागदावर कुठंच नाही.

आता पहिलं बटण दाबा.

मारिओ हवेत लटकलाय, झेंड्याच्या काठीपासून बोटभर अलीकडे. कूलरचं पातं थांबलंय. एकेक चित्र पुढं सरका. या खेळाची एक गंमत ताईला माहीत नाही. जवळजवळ प्रत्येक स्टेजच्या शेवटी यंत्र पुढची स्टेज लगेच सुरू करत नाही. स्टेज संपली का, हे ते दर २१ चित्रांनी एकदाच तपासतं. शेजारच्या मांडवात काय चाललंय ते ऐका: पंगत बसली. जो दारात क्षणभर उशिरा पोचला आणि जो चांगला दहा मिनिटं उशिरा पोचला, दोघंही आता दुसऱ्याच पंगतीला. म्हणजे ताईनं या स्टेजमध्ये पाच चित्रं वाचवली की वाया गेली, आणि सहावं वाचवलं की एकदम २१ वाचली, असंही होऊ शकतं. अवजारं घेऊन खेळणारे अशी एकेक पंगत गाठायला महिने घालतात. क्षण जपायचा, खेळायचं, हुकलं की मागं, पुन्हा. हॅपीली या टोपणनावाच्या चिनी खेळाडूनं २०११ साली या खेळाची अशी आवृत्ती पुरी केली तेव्हा ती १७,८६८ चित्रांची झाली. यंत्र चालू केल्यापासून मोजलं तर ४ मिनिटं ५७.३१ सेकंद.

याला फसवणूक म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. अवजारं वापरली हे सांगून टाकलं, की तो माणसाच्या हाताचा विक्रम राहत नाही आणि तसा दावाही उरत नाही. उरतो तो यंत्राच्या पोटात काय काय शक्य होतं याचा शोध. फसवणूक होते ती न सांगण्यात. शिवाय अवजारांनी शोधलेले डावपेच हातांनी उचलले. निफ्टस्की या खेळाडूनं एप्रिल २०२१ मध्ये हातानं ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत हाच मारिओ संपवला. त्या मोजणीत सुरुवातीचा पडदा धरत नाहीत, म्हणून आकडा लहान दिसतो. पंगतीचं गणित ठाऊक नसतं, तर आपण कुठं कमी पडतो हे त्याला कळलंच नसतं.

पण महालातल्या या टीव्हीकडे नीट बघा, कारण मुख्य भानगड इथं आहे. वरची सगळी मिनिटं-सेकंदं जपान-अमेरिकेच्या टीव्हीची, जिथं सेकंदाला साधारण ६० चित्रं दिसतात. आपली वीज सेकंदाला ५० ठेक्यांची, कोराडी वीजकेंद्राची जनित्रं त्याच ठेक्यावर फिरतात, आणि त्याच हिशेबानं आलेली आपली टीव्हीची ‘पाल’ पद्धतही ५० चित्रांची. खेळ मात्र ६० साठी लिहिलेला. तो घड्याळ जाणत नाही, चित्रं मोजतो. त्यामुळं या खोलीत मारिओ सावकाश पळतो, गाणंही सावकाश वाजतं, आणि २१ चित्रांची पंगत ०.३५ ऐवजी ०.४२ सेकंदांची होते. हॅपीलीची ती निर्दोष १७,८६८ चित्रं या खोक्यावर जशीच्या तशी वाजवली, तर सहा मिनिटांना जेमतेम तीन सेकंद कमी पडतील. पूर्ण एक मिनिट उशीर, आणि चूक एकही नाही.

बटण सोडा. पातं फिरतं. ताई शेवटच्या किल्ल्यात शिरते, चुकीच्या पाइपात न जाता सरळ कासवराजापर्यंत, त्याच्या डोक्यावरून उडी, कुऱ्हाड, पूल कोसळतो.

“साडेसात,” पोरगा ओरडतो. “साडेसात मिनिटं, आईच्यान!”

“ओरडू नको बे, आई उठंल.”

तो वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहितो आणि लगेच रिमोट ओढून घेतो. त्याचा नाद वेगळा, त्याला लाइफ जमवायच्या असतात. तिसऱ्या दुनियेच्या पहिल्या स्टेजच्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. त्यातल्या एकावर योग्य जागी उड्या मारत राहिलं की लाइफ वाढतच जातात. आकडे संपतात, मग लाइफच्या जागी मुकुट येतो, मग अगम्य चिन्हं. पोरगा थांबत नाही. ताई सांगते, पुरे. तो थांबत नाही. मग मुद्दाम खड्ड्यात उडी टाकतो, किती लाइफ उरल्या ते बघायला, आणि खेळ खलास.

“कॅसेट खराब आहे,” तो म्हणतो.

कॅसेट ठीक आहे. लाइफ मोजायला यंत्रानं ठेवलेल्या जागेत १२७ पर्यंतच बेरीज मावते. त्यापुढचा आकडा खेळाच्या लेखी शून्याखालचा, म्हणजे मेलेल्याचा. तुमच्या ओठांवर आलेलं बोलू नका. या खोलीत तुम्ही दिसत नाही.

एवढ्यात लाइट जाते. मांडवातला लाउडस्पीकरही मध्येच तुटतो. मारिओच्या पहिल्या पडद्यावर ‘टॉप’ म्हणून जो आकडा दिवसभर मिरवत होता, तो गेला; खोक्याला कसलीच आठवण नाही. वहीतलं साडेसात तेवढं राहिलं.

आता सहा वर्षं पुढं. २००४ ची सुरुवात, हिवाळा. बजाजनगरकडून आत गेलात की व्हीएनआयटीचं आवार. जुनी मंडळी अजून व्हीआरसीईच म्हणतात, नाव बदलून दोनच वर्षं झालीत. हॉस्टेलच्या खोलीत चौघं एका मॉनिटरपुढं. कुणीतरी सीडीवर आणलेली क्लिप चाललीय: मोरिमोटो नावाचा जपानी माणूस मारिओ-३ अकरा मिनिटांत संपवतो. २००३ अखेरीस ही क्लिप जगभर फिरली. कित्येकांनी ती खरी समजून डोळे विस्फारले, आणि ती थांबत-थांबत, अवजारं वापरून बनवलीय हे कळल्यावर तेवढ्याच जोरानं चिडले. त्याच डिसेंबरात फिनलंडच्या बिस्क्विटनं अशा आवृत्त्या, अवजारांचा उल्लेख उघड करून, एका जागी जमवायला घेतल्या.

“खोटं आहे बे हे,” एक म्हणतो.

महालातला पोरगा, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, काही बोलत नाही. जुने खेळ संगणकावर चालवणारा एम्युलेटर उतरवतो, साधा मारिओ लावतो, आणि पहिल्या पाच सेकंदांत त्याच्या कपाळाला आठी पडते. गाणं घाईत वाजतंय. मारिओ कुणी मागं लागल्यासारखा धावतोय. मेन्यू चाळता चाळता त्याला ‘पाल’ असं लिहिलेली एक खूण सापडते. तो ती लावतो. गाणं संथ होतं. आपल्या घरचं होतं.

मग कागद. ५० भागिले ६०. साडेसात मिनिटं म्हणजे ४५० सेकंद. ४५० चे पाच षष्ठांश ३७५. तो उठतो, चपला शोधतो आणि गेटाबाहेरच्या पीसीओवरून पुण्याला फोन लावतो. ताई तिकडं नोकरीला आहे, आणि दुपारी एसटीडी करणारा भाऊ म्हणजे तिच्या लेखी कुणीतरी आजारी.

“काय झालं बे? आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे. ताई, तुझा रेकॉर्ड साडेसातचा नाही. सव्वासहाचा आहे.”

तिकडून काही येत नाही. मीटर मात्र पळतंय. तो ५०, ६०, टीव्ही, वीज असं सगळं एका दमात सांगतो. ती मध्ये दोनदा ‘हव, हव’ म्हणते.

“आणि वेलीपाशी मी थांबली होती ते?” ती विचारते. “तू घड्याळ माझ्या तोंडापुढं धरलं होतं, म्हणून थांबली होती. ते वजा केलं का?”

“किती वेळ थांबली होतीस?”

“चार सेकंद तरी धर.”

“दोन धरतो.”

“तीन,” ती म्हणते, “आणि हे सगळं वहीत लिही.”