दलित ख्रिस्त आणि बायबलची कसोटी

1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत इथे चर्च उभी राहिली, गावांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या पाण्याने जात धुतली गेली नाही. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती ही नावे टिकली आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी जातीतच जुळल्या. देव बदलला, उतरंड राहिली.

ज्या ग्रंथाच्या नावाने हे धर्मांतर झाले, तो ग्रंथ लोकांच्या हाती नव्हता. मिस्सा लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) लोकभाषेला वाट दिली. 2010 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले. आता नवा अर्थ सांगणाऱ्याला वाचक ग्रंथ उघडून जाब विचारू शकतो.

असा एक नवा अर्थ 1981 साली बंगळूरला अरविंद निर्मल यांनी मांडला. आधी त्याचे नाव शूद्र ईशज्ञान होते, पुढे दलित ईशज्ञान. त्यांचा ख्रिस्त दलितांचा कैवारी नव्हे, स्वतःच दलित आहे. याला बायबलात आधार आहे काय? आहे. यशयाच्या ग्रंथातला तुच्छ मानलेला सेवक आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू दडपलेल्यांच्या मुक्तीची घोषणा करतो, ती लूकच्या चौथ्या अध्यायात आहे.

पण पाने पुढे उलटली पाहिजेत. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात नाही, असे गलतीकरांना लिहिणारा पौल ओनेसिम या दासाला धन्याकडे परत धाडतो. बंधू म्हणून स्वीकार अशी विनंती करतो, पण गुलामगिरी मोडा म्हणत नाही. इफिसकरांस पत्रात दासांना आज्ञापालनाचा उपदेश आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोकच पुढे कनानी लोकांची भूमी बळकावतात. आपल्या आदिवासी बांधवांनी ही कथा कोणाच्या बाजूने वाचावी?

म्हणून दलित ईशज्ञान बायबलबाह्य आहे, हा आक्षेप टिकत नाही. आणि सबंध बायबल दलितांच्या बाजूचे आहे, हा दावाही टिकत नाही. 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हाच माणूस हे माप ठरले. ते माप सर्व ग्रंथांना सारखेच लागू आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे ग्रंथाच्या आधारे सांगितले जाते. आणि 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. शिखांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये तिथे जागा मिळाली. ख्रिस्ती दलित मात्र ग्रंथात जातिमुक्त आणि गावात अस्पृश्य राहिला. ख्रिस्त दलित आहे की नाही, याचे उत्तर आधी त्याच्या अनुयायांच्या पंगतीत आणि सोयरिकीत शोधले पाहिजे.