दप्तराचे स्थलांतर : अहमदनगर जिल्ह्यातील भूमिअभिलेख व तालुक्याचा सर्व्हर

जमिनीच्या हक्काचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः कायद्यांकडे आणि सारावाढीच्या आकड्यांकडे जाते. हक्काची नोंद ज्या साधनावर टिकून असते, त्या साधनाचा इतिहास मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः रुमालात बांधलेले दप्तर असो, छापील नमुन्यांची वही असो, की तालुका कचेरीतील सर्व्हर असो; एका साधनावरून दुसऱ्या साधनावर नोंदी नेण्याचा प्रसंग जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा नवी नोंद जुन्या नोंदीइतकीच प्रमाण मानावी काय, हा प्रश्न उपस्थित झाला. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, जिल्हा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात सुमारे १,६०० गावे आहेत, आणि कागदावरील नोंदीचे सामर्थ्य येथील कुणब्याने फार पूर्वीच ओळखलेले आहे.

निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) मोजणी व प्रतवारी यांवर आधारलेली जमाबंदी घालून दिली. इंग्रजी अमलात प्रिंगलची आकारणी अव्यवहार्य ठरल्यावर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने काम सुरू केले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस निश्चित रूप दिले, व शतकाच्या मध्याला ती नगर जिल्ह्यात आली. सर्व्हे नंबर हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात आला तो तेव्हापासून. तथापि ही नोंद सरकारच्या साऱ्यासाठी होती. जमीन कोणाकडे गहाण आहे, कोणाचे किती देणे लागते, हे सावकाराच्या घरच्या खतांत असे.

१८७५ च्या दंग्यांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचा एक निराळाच अर्थ ध्यानात येतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला हा उठाव पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व नगर या तालुक्यांत पसरला. माणसे मारण्यापेक्षा खते, गहाणखते व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. अभिलेख नाहीसा झाला म्हणजे बंधनही नाहीसे होते, असा त्यामागील तर्क होय. आणि ज्या खताची दुसरी प्रत कोठेच नाही त्याच्यापुरता तो तर्क खोटा नव्हता. सरकारनेही त्यातून हाच धडा घेतलेला दिसतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांची खते ग्राम-निबंधकासमोर करण्याचे बंधन घातले. खाजगी कागदाची सरकारी प्रत राहावी, ही कल्पना येथे प्रथमच व्यापक प्रमाणावर व्यवहारात आली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे पत्रक अस्तित्वात आले, आणि त्यातूनच गाव नमुना सात, पीकपाहणीचा नमुना बारा व फेरफाराची सहा नंबरची नोंदवही ही रचना पुढे स्थिर झाली. १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतन गेले, तलाठी आला. मोडीचे दप्तर मागे पडून बाळबोधातील वह्या पुढे आल्या. प्रत्येक टप्प्यावर जुने उतरवून घेणारा कारकून होता आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या चुका होत्या.

संगणकाचा प्रवेश या परंपरेतच झाला. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग आरंभिला. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे ही योजना राज्यभर आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तालुका कचेरीत एक सर्व्हर, त्याला जोडलेली दोन-चार यंत्रे आणि उतारे छापणारा मुद्रक, अशी मांडणी रूढ झाली. तलाठ्याने हाताने लिहिलेला सातबारा तेथे टंकलिखित होऊन साठू लागला. खरिपाच्या तोंडी पीककर्जासाठी सातबारा व आठ-अ यांचे उतारे मागणाऱ्यांची तालुक्याच्या गावी गर्दी होई. सहकारी सोसायट्यांचे जाळे दाट असलेल्या या जिल्ह्यात उतारा न मिळणे म्हणजे बियाणे व खत वेळेवर न मिळणे होय. त्यात त्या दशकातील भारनियमन. सर्व्हरला बॅटरीचा आधार असला तरी तो काही घटकांपुरताच पुरे.

सर्व्हर हे यंत्र जितके, तितकीच त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिमही महत्त्वाची. त्या काळच्या कार्यालयीन जाळ्यांत विंडोज एनटी ४.० (१९९६) आणि तिच्यानंतरची विंडोज २००० या प्रणाली सर्रास आढळत. कागदाला वाळवी लागते हे महसूल खात्याला ठाऊक होते. परंतु उत्तम स्थितीतील साधनही निर्मात्याने आधार काढून घेतला की निकामी होऊ लागते, हा अनुभव सर्वस्वी नवा होता. एनटी ४.० च्या सर्व्हरचा आधार ३१ डिसेंबर २००४ रोजी, विंडोज २००० चा १३ जुलै २०१० रोजी आणि सर्व्हर २००३ चा १४ जुलै २०१५ रोजी संपला. या तारखांनंतर सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती मिळणे बंद झाले. नव्या मुद्रकांचे व डिस्कांचे चालक-कार्यक्रम जुन्या प्रणालीसाठी निघेनासे झाले. एनटी ४.० ला तर आज सर्वत्र दिसणारी यूएसबी जोडणीही मुळात ओळखता येत नव्हती. जमिनीची जमाबंदी तीस वर्षांची असे. सर्व्हरच्या प्रणालीचे आयुष्य जेमतेम दहा वर्षांचे. या दोन कालमानांची सांगड घालणे ही खरी अडचण होती.

जुन्या सर्व्हरवर नवी प्रणाली बसविण्याचे दोन मार्ग असतात. जुन्या प्रणालीच्या जागीच नवी चढवावी, अथवा नवे यंत्र मांडून त्यावर स्वच्छ प्रणाली घालावी व मागाहून माहिती हलवावी. पहिला मार्ग स्वस्त व जलद वाटतो, पण त्याला मर्यादा आहेत. एनटी ४.० च्या सर्व्हरला किमान १६ मेगाबाइट स्मृती पुरे. विंडोज २००० च्या व सर्व्हर २००३ च्या आवृत्तीस किमान १२८ लागे. एनटीवरून २००३ वर थेट जाण्यासाठी आधी पाचवा सर्व्हिस पॅक बसवावा लागे. ३२ बिटांच्या प्रणालीवर ६४ बिटांची प्रणाली चढविता येतच नाही, आणि सर्व्हर २००८ ची सुधारित आवृत्ती केवळ ६४ बिटांचीच निघाल्याने तेथे पहिला मार्ग आपोआप बंद झाला. या प्रसंगी प्रिंगलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याची आकारणी डागडुजी करून चालवावी की नव्याने पाहणी करावी, हा १८३५ मधील पेच जातीने याच प्रकारचा होता.

अनुभवी व्यवस्थापक या कामात जो क्रम पाळतात, तो दप्तरदाराच्या शिस्तीहून फारसा वेगळा नाही. प्रथम संपूर्ण माहितीची प्रत घ्यावयाची, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावयाची. कारण न तपासलेली प्रत ही प्रत नसून केवळ समजूत असते. जाळ्यात मुख्य व दुय्यम असे दोन नियंत्रक सर्व्हर असतील तर दुय्यम सर्व्हर अद्ययावत करून जाळ्यातून तोडून बाजूला ठेवावयाचा. मुख्य सर्व्हरवरील प्रयोग फसल्यास तोच पुन्हा जोडून काम पूर्ववत सुरू करता येते. त्यानंतरच नवी प्रणाली, मग माहितीसंग्रह, मग वापरणाऱ्यांचे अधिकार, आणि शेवटी मुद्रक. फेरफार कोणी नोंदवावा आणि कोणी प्रमाणित करावा, ही तलाठी व मंडळ अधिकारी यांच्यातील कायदेशीर विभागणी नव्या प्रणालीतील अधिकारांत जशीच्या तशी उतरली पाहिजे. यंत्राच्या दृष्टीने ही किरकोळ बाब असली, तरी हक्काच्या दृष्टीने हाच गाभा आहे.

यापेक्षाही बिकट प्रश्न लिपीचा होता. एनटीच्या काळात देवनागरी ही प्रणालीची अंगभूत लिपी नव्हती. इस्की या १९९१ च्या भारतीय प्रमाणानुसार, किंवा निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांनुसार, मराठी मजकूर साठविला जाई. तो वाचण्यासाठी वेगळा कार्यक्रम लागे. तो नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची ओळ उमटे. विंडोज २००० पासून युनिकोडमधील देवनागरी प्रणालीतच आली. साहजिकच जुना संग्रह नव्या संकेतात नेणे अपरिहार्य झाले. हे लिप्यंतर नव्हे, कारण लिपी तीच. तरीही मोडीतून बाळबोधात उतरविताना जे घडे तेच येथे घडण्याचा संभव होता. मराठीतील अर्ध्या ऱ चे उदाहरण घेण्यासारखे आहे. संगमनेर तालुक्यातील कऱ्हे या गावाचे नाव, किंवा कुऱ्हाडे, गोऱ्हे यांसारखी आडनावे रूपांतरात ‘कर्हे’, ‘कुर्हाडे’, ‘गोर्हे’ अशी होऊ शकतात. शिवाय युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते व दोन्ही डोळ्यांना एकसारखी दिसतात. यंत्राला मात्र ती भिन्न असल्याने नावाने शोध घेता एकच खातेदार एकदा सापडतो, एकदा सापडत नाही. खातेदार मयत झाल्यावर वारसाची नोंद करताना अशा भेदाचे परिणाम गंभीर होतात.

दुसरी अडचण कंसाची. हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडीत नसत, त्याला कंस करीत. खेड्यात ‘नाव कंसात गेले’ असे म्हणतात ते यावरून. हा कंस विरामचिन्ह नसून एक कायदेशीर विधान होते. माहिती टंकलिखित करणाऱ्यास ते ठाऊक नसेल तर कंसातील नाव गाळले जाई किंवा कंसावाचून चालू राही, आणि पहिल्या प्रकारापेक्षा दुसरा प्रकार अधिक घातक होता. २०२० मध्ये ठरविलेल्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेष मारण्याची पद्धत आली, तेव्हा या जुन्या संदिग्धतेचा निदान पुढील नोंदींपुरता निकाल लागला.

तालुक्यांच्या फेररचनेनेही भर घातली. १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्यात १३ तालुके होते, २००१ च्या जनगणनेत १४. नव्या राहाता तालुक्यात कोपरगाव तालुक्यातील शिर्डी आली, श्रीरामपूर तालुक्यातील लोणी आली. वह्या गाडीत घालून नेता येतात. माहितीसंग्रहात मात्र गावाचा संकेत तालुक्याच्या संकेताशी बांधलेला असल्याने गाव हलविणे म्हणजे त्याच्या प्रत्येक गटाची व प्रत्येक फेरफाराची गाठ सोडून पुन्हा बांधणे होय.

२००८ मध्ये केंद्राने भूमिअभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतरच्या ई-फेरफार प्रणालीत तालुक्याच्या सर्व्हरचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येऊन माहिती राज्यपातळीवरील केंद्रात गेली. तलाठ्याच्या हाती लॅपटॉप आला, आणि ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग चावडीवर पोहोचला. एका तालुक्याचे यंत्र बंद पडले तर एका तालुक्याचे काम थांबे. मध्यवर्ती यंत्र मंदावले की सगळ्यांचेच थांबते. केंद्रीकरणाचा हा दोष त्याच्या गुणांइतकाच ठळकपणे नोंदविला पाहिजे.

स्थलांतरित माहितीची खरी परीक्षा यंत्राने नव्हे, गावाने घेतली. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारा गावकऱ्यांसमोर वाचावा, हस्तलिखिताशी ताडावा आणि आक्षेप घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. आढळलेले लेखनप्रमाद जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त करण्यात आले. राज्यातील सुमारे अडीच कोटी उताऱ्यांच्या तपासणीस वापरलेली ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकाऱ्यासही परकी वाटली नसती. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला व तलाठ्याच्या सही-शिक्क्याची अट गळाली. ज्या पारनेर-श्रीगोंद्यात खताची एकमेव प्रत जाळून देणे बुडविता येत होते, तेथील उताऱ्याची आता कोठेही बसून हवी तितक्या वेळा प्रत काढता येते. त्यामुळे चूक झालीच तर तीही तितक्याच प्रतींनी पसरते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्याचे राजपत्रात प्रसिद्ध झाले. नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाबरोबर स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक छापला जातो; त्या निर्देशिकेत जिल्ह्याचा संकेतांक ४६६ असा आहे. नाव बदलले तरी तो बदलण्याचे कारण पडत नाही. जुन्या खरेदीखतांत आणि फेरफारांत मात्र ‘जिल्हा अहमदनगर’ असेच राहिले आहे.