डॉ. कोटणीस : चित्रपट आणि इतिहास

भंडाऱ्याहून पवनीकडे जातांना वाटेंत अड्याळ लागतें. तेथील एखाद्या सुशिक्षित घरांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव काढल्यास वडीलधाऱ्यांना व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट तत्काळ आठवतो. मात्र त्याच वैद्यकीय पथकाचे उपप्रमुख डॉ. चोळकर हे जवळच्या नागपूरचे होते, हें सांगितलें असतां बहुतेकांना नवल वाटतें.

१९३७ मध्यें जपाननें चीनवर चढाई केल्यानंतर सेनापति चू तेह यांनीं नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू राष्ट्रसभेचे अध्यक्ष असतांना, १ सप्टेंबर १९३८ रोजीं, पांच डॉक्टर मुंबईहून निघाले : प्रमुख अटल, चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुकर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. चोळकर व मुकर्जी १९३९ मध्यें परतले, अटल त्यानंतर. बसू आणि कोटणीस मागें राहिले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकावरून शांताराम यांनीं ही कथा पडद्यावर आणली, आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. चित्र रेखीव आहे. वसंत देसाईंचें संगीतही गोड. परंतु त्यांतील डॉक्टर एका भयंकर साथीवर उपाय शोधतो आणि त्याच रोगानें मरतो. प्रत्यक्षांत कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं गेले. नायकाचें मरण त्याच्या कृत्यांतूनच उद्भवावें, हा नाटकाचा जुना हट्ट आहे. अपस्मारानें तो पुरा होत नाहीं. म्हणून चित्रकारानें मरण बदललें. तेवढ्यानें फारसें बिघडलें नसतें. पण त्या अदलाबदलींत रुग्णालय मागें पडलें, आणि माझी तक्रार ती आहे.

कारण कोटणीस ज्या रुग्णालयाचे १९४१ मध्यें संचालक झाले, त्याला नांव नॉर्मन बेथ्यूनचें होतें, आणि बेथ्यूनची कहाणी अमेरिकेंतून जाते. डेट्रॉइट येथें खासगी धंदा करीत असतां १९२६ मध्यें ह्या कॅनडाच्या शस्त्रवैद्याला क्षय झाला. सॅरनॅक लेकच्या आरोग्यधामांत, छातींत हवा भरून रोगट फुप्फुसाला विश्रांति देण्याचा उपचार आग्रहानें करवून घेऊन तो बरा झाला. आणि अशी विश्रांति पैसेवाल्यालाच परवडते, हें त्याला उमगलें. १९३६ मध्यें माँट्रियल येथें सहकाऱ्यांसह त्यानें लोकांच्या आरोग्याचा भार सरकारनें उचलावा अशी योजना मांडली. ती कोणीं मनावर घेतली नाहीं. तो स्पेनला गेला, मग चीनला. तेथें शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें आणि रक्त दूषित होऊन नोव्हेंबर १९३९ मध्यें तो मरण पावला.

बेथ्यूनला अमेरिकेंत सलणारा प्रश्न तेथील चित्रपटांत पुढें उघडपणें आला. १९६५ मध्यें गरिबांच्या व वृद्धांच्या उपचारासाठीं तेथें कायदा झाला. तरी १९७० चा फ्रेडरिक वाइजमन यांचा 'हॉस्पिटल' हा माहितीपट पाहावा. न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन रुग्णालय हाच त्याचा विषय. निवेदक नाहीं, नायक नाहीं. एक मनोविकारतज्ज्ञ एका निराधार तरुणाला मदत मिळावी म्हणून सरकारी कचेरीशीं दूरध्वनीवर हुज्जत घालतो, आणि पलीकडची बाई दूरध्वनी खालीं ठेवते. बस्स, एवढेंच! मायकेल मूर यांच्या २००७ च्या 'सिको'मध्यें तर विमा असूनही नाडलेल्यांची गाऱ्हाणीं आहेत. परंतु त्या चित्रांत मूर स्वतःच फार पुढें येतात.

वाइजमनच्या नजरेनें कोटणीसांच्या रुग्णालयाकडे कोणीं पाहिलें असतें, तर काय दिसलें असतें? शत्रूच्या वेढ्यांत जागा बदलणारें इस्पितळ, आणि चिनी भाषा शिकून त्याच भाषेंत खेड्यांतील तरुणांना शस्त्रक्रिया शिकवणारा सोलापूरचा एक शिक्षक. त्या विद्यार्थ्यांसाठीं तो शस्त्रक्रियेचें पाठ्यपुस्तक लिहीत होता. मृत्युसमयीं तें अपुरें होतें.