राहत्या घराची घरपट्टी : प्रस्तावना

कन्हान नदीच्या काठी 1821 मध्ये इंग्रजांनी लष्करी तळ वसवला आणि त्याच्या आजूबाजूला कामठी वाढत गेली. शहराची घरपट्टी नगर परिषद 1965 च्या राज्य कायद्यानुसार आकारते. छावणीला 2006 चा केंद्रीय कॅन्टोन्मेंट कायदा लागू आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला करात सवलत का आणि कशी मिळते, हे समजून घ्यायला मला तरी कामठीसारखे दुसरे गाव दिसत नाही.

वाचकांनी आधी एक मूळ कल्पना नीट पाहावी. नगर परिषद विचारते, हे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते? समजा, महिना 2,000 रुपये. वर्षाचे 24,000, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करपात्र मूल्य 21,600. पण आपल्या घरात राहणाऱ्याच्या हाती भाड्याचा एक रुपयाही येत नाही. न मिळालेल्या भाड्यावर त्याने किती कर द्यावा? या विषयातली सारी रंगत या प्रश्नात आहे.

उत्तरे वेगवेगळी निघाली. पुण्याने 1970 पासून मालक स्वतः राहतो त्या घराला 40 टक्के सवलत दिली. पुढे शासनाने ती थांबवली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू केली. मात्र अनेकांना स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून ‘पीटी-3’ अर्ज भरावा लागला. मुंबईने 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. तिथे घराचे क्षेत्रफळ पाहिले जाते, राहतो कोण ते नाही.

कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. त्यामुळे 2020 ची माजी सैनिकांची करमाफी इथे विशेष जिव्हाळ्याची. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना राज्यातील एकाच घरासाठी ती मिळते. घर भाड्याने दिलेले नसावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे, अशा अटी आहेत. मागितल्याशिवाय ती बिलात उतरत नाही. माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी उणीव.

हे पुस्तक उघडताना तुमचे बिल शेजारी ठेवा. शेवटच्या आकड्याकडे नंतर वळा. आधी ‘वापर’ हा रकाना शोधा. रोजगार हमी उपकर निवासी वापरावर लागत नाही. तो तुमच्या बिलात दिसत असेल, तर समोरच्या खोलीत पूर्वी कधी दुकान होते का आणि ती नोंद अजून तशीच राहिली आहे का, हे कर विभागात जाऊन विचारा. मग दुसऱ्या प्रकरणाकडे या. हरकत कशी लिहायची ते तिथे आहे.